कार्डकॅप्टर साकुरा पहिल्यांदा बघताय? मग अशी बघा

मॅजिकल गर्ल, म्हणजे जादूची शक्ती मिळालेल्या मुलींच्या गोष्टी, या प्रकारातली एकच अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) सिरीज बघायची असेल तर कार्डकॅप्टर साकुरा बघा असं मी सगळ्यांना सांगते, आणि मग लगेच प्रश्न येतो की एवढे एपिसोड, दोन पिक्चर, वर परत नवीन सिरीज, सुरुवात करायची कुठून? तर नीट सांगते.

गोष्ट अगदी साधी आहे. चौथीतली साकुरा किनोमोतो घरातल्या तळघरात एक जुनं पुस्तक उघडते, त्यातल्या एका कार्डवरचं नाव मोठ्याने वाचते, जोराचा वारा सुटतो आणि बाकीची सगळी जादूची कार्डं, म्हणजे क्लो कार्डं, तोमोएदा गावात उडून जातात. आता ती परत गोळा करायची, बस्स.

सगळ्यात आधी ओरिजिनल जपानीच शोधा, सबटायटल लावून. १९९८ ते २००० मध्ये जपानच्या एनएचकेच्या चॅनलवर आलेली, मॅडहाऊस स्टुडिओने केलेली ७० एपिसोडची सिरीज. २००० साली अमेरिकेत टीव्हीवर 'कार्डकॅप्टर्स' नावाने इंग्लिशमध्ये दाखवली ती नको, कारण मुलग्यांनीही बघावी म्हणून त्यांनी शाओरानला (साकुरासारखीच कार्डं गोळा करणारा तिच्या वर्गातला मुलगा) पुढे आणायला सुरुवातच आठव्या एपिसोडपासून केली, कितीतरी एपिसोड गाळले, म्हणजे साकुराला ही जबाबदारी कशी मिळाली हेच नीट कळत नाही. ज्यांनी फक्त तेवढंच बघितलंय त्यांनी परत पहिल्यापासून बघा प्लीज.

क्रम असा: १ ते ३५ एपिसोड, मग १९९९ चा हाँगकाँगवाला पिक्चर (तेव्हा कार्डं गोळा करणं अजून चालूच असतं म्हणून तो इथे बरोबर बसतो), मग ३६ ते ७०, आणि सगळं संपल्यावर २००० चा दुसरा पिक्चर. दुसरा पिक्चर अजिबात आधी बघू नका, ७० एपिसोड जी गोष्ट हळूहळू जमत जाते तिचा शेवट तिथे आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बरेच लोक म्हणतात पहिल्या सीझनमध्ये दर एपिसोडला एक कार्ड आणि तेच तेच, मधले एपिसोड सोडून दिले तरी चालतात. नाही चालत! यातली कार्डं म्हणजे नुसती शक्ती नाही, प्रत्येकाला स्वभाव आहे, आणि नुसता जोर लावून ती हाती लागत नाहीत, तो स्वभाव ओळखावा लागतो. वॉटरी भयंकर आक्रमक, तिच्याशी सरळ लढून उपयोग नाही, म्हणून साकुरा तिला मत्स्यालयातल्या थंडगार फ्रीझरमध्ये ओढून नेते आणि तिथे ती गोठते. इल्युजन बघणाऱ्याच्या मनात असेल तेच दाखवतं, आणि साकुराला दिसते तिची वारलेली आई, तो एपिसोड मला आजही बघवत नाही आणि सोडवतही नाही. मिरर तर साकुराचंच रूप घेऊन फिरते, तिचा भाऊ तोया तिच्याशी किती मायेने वागतो ते लक्षात ठेवा, कारण तिसऱ्या सीझनमध्ये मिरर परत त्याच्यासमोर येते आणि हा एपिसोड गाळला असेल तर तिथे काहीच वाटणार नाही. म्हणून बघताना दर वेळी स्वतःला विचारा, हिने हे कार्ड नेमकं कशामुळे पकडलं? उत्तर बहुतेक वेळा एपिसोडमध्येच आधी दिलेलं असतं. तिसऱ्या सीझनमध्ये जेव्हा कार्डं तिला स्वतःच्या शक्तीने बदलावी लागतात तेव्हा त्या प्रत्येक कार्डाशी आपली ओळख असणं फार गरजेचं आहे.

कपड्यांकडेही लक्ष द्या, इथे जादूने ड्रेस बदलत नाही, मैत्रीण तोमोयो स्वतः शिवून देते आणि वर सगळं कॅमेऱ्यात शूट पण करते.

मुलांसोबत बघत असाल तर छोट्यांना सबटायटल मराठीत वाचून दाखवा, संवाद सोपे आहेत, जमतं. एक मात्र आधीच सांगते, वर्गातली रिका आणि तिचे सर यांच्याबद्दल अधूनमधून जे सूचित केलंय ते मला अजिबात पटत नाही, अॅनिमेत ते सौम्य आहे पण मूळ मांगात (जपानी कॉमिकमध्ये) उघड आहे, तेव्हा मांगा मुलांच्या हातात देण्याआधी स्वतः वाचा.

क्लॅम्प या लेखिका-चित्रकारांच्या गटाचा तो मांगा १२ भागांचा आहे, त्यात कार्डं फक्त १९, अॅनिमेत ५२, आणि शाओरानच्या नात्यातली मेइलिंग मांगात नाहीच. मला अॅनिमेतली मेइलिंग इतकी आवडते की मी मांगा नंतरच वाचा म्हणेन. नवीन सिरीज, म्हणजे २०१८ चं क्लिअर कार्ड, शेवटी ठेवा, ते मांगाच्या शेवटावरून पुढे जातं, म्हणून त्याआधी २०१७ चा छोटा प्रोलॉग एपिसोड बघा म्हणजे दुसऱ्या पिक्चरच्या शेवटाशी गोंधळ होणार नाही. आणि क्लिअर कार्डचे २२ एपिसोड गोष्ट अर्ध्यात सोडतात, पुढचं हवं असेल तर त्याचा मांगा हातात घ्यावा लागेल.