क्रिस्तपुराण वाचायचंय? आधी गळा मोकळा करा

क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा ओव्यांत सांगणारं जुनं मराठी काव्य, मी दोनदा हाती घेतलं आणि दोनदा पंधरा पानांत मिटलं. गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात मात्र जमलं. कसं, ते सांगते.

पहिली चूक म्हणजे मी ते विरार लोकलमध्ये वाचत होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं हे पुराण तिथल्याच राचोलला छापून निघालं, तेही रोमन लिपीत. त्या काळची मराठी नुसत्या डोळ्यांनी वाचली की दर ओळीला ठेच लागते. कानाला मात्र ती परकी नाही. ओवीच ती, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. तेव्हा घरी, मोठ्यानं वाचायचं. आमच्याकडे संध्याकाळची रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली की दहा ओव्या, जास्त नाही. सगळ्या मिळून अकरा हजारांच्या घरात आहेत, म्हणजे तीन वर्षं लागणार. लागू देत.

ऐकायला कुणीतरी हवंच, आणि शक्यतो आपल्यापेक्षा म्हातारं. ही ओवी तुम्ही ऐकलेली असेल:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

मी इतकी वर्षं ‘हरळ’ म्हणजे हरळी, दूर्वा समजत होते. गवतात चमकणारं रत्न, छान चित्र! आई सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता एक खडा बोटांनी उचलून दाखवला. “ही बघ तुझी हरळ.” शब्दकोश नंतर उघडला. आई बरोबर होती.

सुरुवात पहिल्या पुराणापासून करू नका. तिथे सृष्टी, आदाम, जुना करार असा मोठा पल्ला आहे. दुसरं पुराण उघडा. येशूची गोष्ट माहीत असल्यामुळे एखादा शब्द अडला तरी धागा सुटत नाही. स्वर्गाला स्टीफन्स सरळ ‘वैकुंठ’ म्हणतात. तिथे थांबा, घरात थोडा वाद होऊ द्या. आमच्याकडे झाला, चहा थंड होईपर्यंत.

शेजारी बायबल ठेवा, पण घेताना अनुक्रमणिका बघून घ्या. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं असतात. मी एकदा घाईत ६६ वालं, प्रोटेस्टंट, घेऊन आले आणि त्यात नसलेलं तोबितचं पुस्तक शोधत बसले.

लोकलसाठी मग काय? संत ऑगस्टीनची ‘कन्फेशन्स’, त्यांचं आत्मकथन. तेरा भाग असले तरी आत छोटे छोटे क्रमांकित तुकडे आहेत. वसई रोडला उघडायचं, भाईंदरच्या खाडीवर खिडकीबाहेर बघायचं, बोरिवलीच्या गर्दीआधी मिटायचं. पोरवयात नाशपाती चोरल्याबद्दल हा माणूस पानंच्या पानं झुरतो. वसईतल्या वाडीत केळी चोरलेल्यांना ते चटकन कळेल.

वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं आत्मचरित्र ‘नाही मी एकला’ सध्या उशाशी आहे. ते मी रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर वाचते, एका बैठकीत एकच प्रकरण. २०२४ च्या जुलैत ते गेले, तेव्हापासून हे पुस्तक भराभर वाचवत नाही.