सलाईन सेटचं रिकामं पाकीट फेकू नका

मामंजींचं खुब्याचं ऑपरेशन नागपुरात रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये झालं. सिस्टर चिठ्ठी द्यायच्या आणि मी खालच्या मेडिकलमध्ये धावायची. तिसऱ्या दिवशी सलाईन सेटचं रिकामं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि गंजीपेठेच्या दवा बाजारात नेलं. आम्हाला 190 रुपये लागलेले; तिथे तसाच सेट 45 ला मिळाला. परत येऊन हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये विचारलं, तर म्हणाले, "ताई, एमआरपीच्या वर एक रुपया घेतला नाही."

खरंच नव्हता घेतला. गोम तिथेच आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने 2018 मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा 1,737 टक्क्यांपर्यंत निघाला. एमआरपीच फुगवून छापलेली असली की जास्त दर लावल्याची तक्रार टिकत नाही.

म्हणून तक्रार जास्त दराची नको, आमच्याच दुकानातून घ्या या सक्तीविरुद्ध करा. दिल्लीत एका ग्राहकाने 2015 मध्ये तेच केलं: रुग्णालयातली सिरिंज बाहेर जवळपास अर्ध्या किमतीत मिळत होती. भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या ताकदीचा गैरवापर रोखणारी केंद्राची संस्था) चौकशी लावली, 2018 मध्ये तिची व्याप्ती वाढवली. एकदा भरती झालेला पेशंट दुसरं दुकान शोधत फिरू शकत नाही, हा तिथला कळीचा मुद्दा.

पुरावा भरती असतानाच जमवा. प्रत्येक पाकिटावरचं कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि एमआरपी यांचा फोटो काढा. तीच वस्तू, त्याच कंपनीची, त्याच आठवड्यात बाहेरून पक्क्या बिलावर घ्या. (माझं इथेच चुकलं, माझा सेट दुसऱ्या कंपनीचा होता.) बाहेरचं औषध चालणार नाही म्हणाले, तर तसं लिहून मागा. नाही दिलं, तर तारीख, वेळ आणि कोण बोललं ते वहीत टिपा. डिस्चार्जच्या वेळी एकूण आकडा नको, बाबवार बिल घ्या. दरपत्रक दर्शनी भागात लावणं 2021 च्या नियमांनुसार महाराष्ट्रात बंधनकारक आहे. त्याचाही फोटो ठेवा.

पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मुदत दोन वर्षं, बिल 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही. सक्तीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे कलम 19 खाली माहिती दाखल होते, तिला फी लागते. आयोग तुमचे पैसे परत देत नाही, पण दंड करू शकतो आणि ती पद्धत बंद करायला लावू शकतो. तिथे एकट्याने जाऊ नका. त्याच वॉर्डातली चार-पाच घरं गाठा, त्यांचीही बिलं जोडा.