कथेतली सगळी माणसं एकसारखी बोलत होती, ते कसं सुटलं : माझा अनुभव

लक्षण असं: मालवणच्या दोन भावांची कथा, होडीच्या वाटणीवरून भांडण. काळ मासेमारीबंदीचा, १ जून ते ३१ जुलै, म्हणून दोघंही घरात अडकलेले. प्रसंग पक्का, पण नावं झाकली की कोण बोलतंय ते कळेना. दोघंही बातम्या दिल्यासारखे बोलायचे.

आधी 'तावातावाने', 'खिन्नपणे' वगैरे भरलं. मग सगळंच मालवणीत लिहिलं, तर पुण्याची मावसबहीण दुसऱ्या पानावर थांबली. दीड महिना गेला; वही विहिरीत टाकावीशी वाटली.

लागू पडलं ते या क्रमाने. भांडण लिहिलंच नाही, मोबाइलवर बोलून रेकॉर्ड केलं. एकदा थोरला होऊन, एकदा धाकटा होऊन. जसंच्या तसं उतरवलं. मग प्रत्येक उत्तरातलं पहिलं वाक्य खोडलं, कारण बहुतेकदा त्यात समोरच्याचाच प्रश्न परत आलेला असतो. त्यानंतर निवेदन प्रमाण मराठीत आणलं. मालवणी फक्त अवतरणात, तीही 'माका', 'खंय', 'नाय' अशी संदर्भाने कळणारी. शेवटी थोरल्याला एक खोड दिली: सरळ उत्तर द्यायचंच नाही.

"होडी कोणाची?"

"जाळा फाटला, ता आधी बग."

नावं पुन्हा झाकली. मावसबहिणीने आठपैकी सात ओळी बरोबर ओळखल्या. आठवी तिला आईची वाटली. खरंच आईचीच होती. मी ती धाकट्याच्या तोंडी घातली होती.