खिडकीतून पाणी नेमके कुठून येते, हे कसे शोधावे?

पावसाळ्यात खिडकीखालच्या भिंतीला ओल धरली आणि रंगाचे पोपडे सुटू लागले, की बहुतेकजण सिलिकॉनची नळी आणून दिसेल ती फट बुजवतात. पुढच्या मोठ्या सरीला ओल पुन्हा हजर असते. पाणी शिरते एकीकडे आणि दिसते भलतीकडेच, म्हणून बुजवण्याआधी शोध घ्यावा.

आधी दोन-तीन पावसांत नुसते निरीक्षण करावे आणि ओलीची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख-वेळ लिहावी. मुंबई-कोकणात नैर्ऋत्येचा वारा पाऊस तिरका आणतो. अशा सरीबरोबर लगेच पाणी आले, तर संशय खिडकीवर घ्यावा. ते तासाभराने आले आणि पाऊस थांबल्यावरही झिरपत राहिले, तर गिलाव्यातला तडा किंवा छज्जा तपासावा. पाऊस नसतानाही ओल वाढत असेल, तर वरच्या मजल्याची नळजोडणी किंवा एसीच्या पाण्याची नळी पाहावी.

स्लायडिंग खिडकी असल्यास तिच्या खालच्या ट्रॅकपासून सुरुवात करावी. ट्रॅकमध्ये पाणी येणे हा दोष नव्हे. ते बाहेर जावे म्हणूनच बाहेरच्या कडेला छोटी छिद्रे ठेवलेली असतात, आणि धूळ, सिमेंटचे कण, कबुतरांची पिसे यांनी ती हमखास तुंबतात. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी सावकाश ओतावे. पाणी तुंबून राहिले, तर तारेने छिद्रे मोकळी करावीत. पुष्कळदा काम इथेच संपते. पाणी उतरले, पण बाहेर पडताना दिसलेच नाही, तर ते ट्रॅकच्या कोपऱ्यातील सांध्यातून किंवा स्क्रूच्या भोकातून भिंतीत जात आहे, असे समजावे.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तर भिंत चांगली कोरडी झाल्यावर पाइपने पाणी मारून पाहावे. पाणी खालून वर मारत जावे, कारण वरून सुरुवात केली तर ओघळ सगळेच सांधे भिजवतो आणि दोषी सांधा ओळखता येत नाही. प्रथम बाहेरचा कडाप्पा (खिडकीच्या तळाशी बसवलेली दगडी फरशी), मग चौकटीच्या दोन्ही बाजू, मग वरची कड आणि शेवटी छज्जा व त्यावरची भिंत, अशा क्रमाने प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे हलकी धार धरावी. जोराचा फवारा पावसाने कधी शिरले नसते तिथेही पाणी घुसवतो. त्या वेळी दुसऱ्या माणसाने आत टॉर्च घेऊन थांबावे. जवळच्या स्विचबोर्डचा वीजपुरवठा आधी बंद करावा. वरच्या मजल्यावर ग्रीलवर किंवा छज्जावर उतरू नये. बाहेरची तपासणी दोरीवर काम करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावी.

कडाप्प्याचा उतार आत आहे का, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का आणि ग्रीलचे बोल्ट भिंतीत शिरतात तिथे फट आहे का, हेही पाहून घ्यावे. ही शेवटची जागा सहसा कोणी तपासत नाही. जागा सापडली की सीलंट बाहेरच्या बाजूनेच भरावे आणि ट्रॅकची छिद्रे त्यात बुजणार नाहीत, याकडे कारागिराशेजारी उभे राहून लक्ष द्यावे.