फ्रंट लोड मशीन स्पिन करत नाही? आधी काचेतून पाणी बघा

पावसाळ्यात गोव्यात मशीन धुते कशी यापेक्षा पिळते कशी हे जास्त महत्त्वाचं, कारण जून ते सप्टेंबर दोरीवर काही वाळतच नाही आणि न पिळलेली जीन्स बाल्कांवात टांगली तर तिसऱ्या दिवशी कुबट वास मारायला लागते. आमची मशीन नेमकी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठ दिवस आधी स्पिनला येऊन थांबायला लागली, पडदे चादरी सगळं धुवायचं बाकी. मेकॅनिक आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला बोर्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला. बोर्ड ठणठणीत होता. फिल्टरात पाच रुपयांचं नाणं, दोन हेअरपिना आणि मोरजीच्या किनाऱ्यावरून पोरांनी खिशातून आणलेली रेती होती.

तर पहिलं काम, काचेतून आत बघा, पाणी साचलंय का. पाणी असेल तर मशीन मुद्दामच स्पिन करत नाही, तिला तसंच बनवलेलं असतं, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम स्पिनचा नाहीच, ड्रेनचा आहे. डिस्प्ले असेल तर तोही सांगतो, एलजीवर ओई म्हणजे पाणी जात नाही आणि यूई म्हणजे कपड्यांचा तोल जमत नाही, सॅमसंगवर ५ई किंवा ५सी म्हणजे ड्रेन, बॉशवर ई१८ म्हणजे पण ड्रेनच.

पाणी असेल तर प्लग काढा (नुसतं बटण बंद करून भागवू नका) आणि गरम पाण्यात धुतलं असेल तर थंड होऊ द्या. पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्याच्या आत फिल्टर आणि बऱ्याच मशीनना बाजूला एक बारीक नळी. आधी नळीचं बूच काढून पाणी बसक्या ताटात सोडा, ताट भरलं की बूच लावा, ओता, परत, हे दहा-पंधरा वेळा करावं लागतं, कंटाळू नका. नळी नसेल तर जुने टॉवेल पसरा आणि फिल्टर थोडा थोडाच सैल करत पाणी सोडा. एकदम काढलात तर न्हाणीघराचं तळं होतं, मी केलंय. फिल्टर निघाला की भोकात टॉर्च मारा, आत पंपाचा छोटा पंखा दिसेल, त्याला केस नाहीतर दोरा गुंडाळलेला असतो तो काढा आणि बोटाने फिरवून बघा. तो अडखळत अडखळत झटक्याने फिरतो, ते बरोबर आहे, आत मॅग्नेट असतं, जाम झालाय समजून त्याला जोर लावू नका. परत बसवताना फिल्टर घट्ट फिरवा.

फिल्टर स्वच्छ असूनही पाणी जात नसेल तर मागचा पाईप बघा, मशीन भिंतीला सरकवली की तो दुमडतो. पाईपचं टोक साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर हवं. आणि मोरी तुंबलेली नाही ना ते पण बघा, पावसात मोरीच मागे पाणी मारते आणि बोलणी मशीन खाते.

आता आत पाणी नाही पण ड्रम नुसता इकडे तिकडे हळू फिरतो, घड्याळ त्याच मिनिटावर अडकतं, मग थांबतो. हा कपड्यांचा तोल. एकटी जाड चादर किंवा एकच टॉवेल टाकला की हमखास होतं, सोबत आणखी दोन टॉवेल टाका. रजईची खोळ तर डेंजर, ती बाकीचे सगळे कपडे पोटात घेऊन गोळा करते, बटणं लावूनच टाका. रेनकोट आणि गादीवरचं प्लॅस्टिकचं कव्हर मात्र मशीनमध्ये स्पिनला कधीच नको, पाणी त्यात अडकतं आणि जोरात फिरताना सुटलं तर मशीन उड्या मारते, दार फुटू शकतं.

फेस पण कारण असतो. हाताने धुवायची पावडर टाकली की काचेत फेसच फेस आणि स्पिन होत नाही. आमच्या बांयचं (विहिरीचं) पाणी मऊ, त्याला पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा कमी पावडर पुरते. पावडर न घालता एकदा रिन्स आणि स्पिन लावा, सुटतं.

मग पाय. कोपऱ्यांवर आडवंतिडवं दाबून बघा, डुगडुगत असेल तर पाय फिरवून लेव्हल करा आणि वरचा नट आवळा. नवीन किंवा घर बदलून आणलेली मशीन असेल तर मागचे ट्रान्सपोर्टचे बोल्ट (ने-आण करताना ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत का ते बघा, राहिले तर पूर्ण स्वयंपाकघर हलतं. आणि हो, स्पिन स्पीड शून्यावर नाही ना? लाईट जाऊन आली की किंवा पोरांनी बटण दाबलं की तेवढंच झालेलं असतं.

एवढं करून काही नाही तर प्लग काढून ड्रम हाताने फिरवा. अगदी मोकळा गरगर फिरला आणि मशीन बेल्टवाली असेल तर बेल्ट उतरलाय. घरघर आवाज आला तर बेअरिंग. धुताना पण दमल्यासारखी फिरते, जळका वास येतो, मशीन जुनी आहे, तर मोटारचे कार्बन ब्रश झिजलेत, दोन्ही एकदमच बदलायचे (इन्व्हर्टर मोटारला ब्रश नसतात, कोणी बदलायला सांगितलं तर हसून सोडा). दार लॉक होताना टक् आवाजच येत नसेल तर दाराचं लॉक. ही कामं मशीन उघडून करायची, ती मेकॅनिकलाच द्या, पण फोनवर "मशीन चालत नाही" सांगू नका, पाणी जातंय, फिल्टर साफ केलाय, ड्रम मोकळा फिरतो, कोड अमुक येतो असं सांगा. मग तो बेल्ट सोबत घेऊन येतो आणि बोर्डाचं नाव घ्यायच्या आधी जरा विचार करतो.