दूरचं एफएम पकडायचं तर

आधी जवळच्या स्टेशनांची यादी करा. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ सावकाश फिरायचं आणि कुठे नुसती खरखर आहे ते वहीत टिपायचं. पाहुणी स्टेशनं त्या रिकाम्या जागीच सापडतात.

अँटेना महागडी नको. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटर लांब असते, म्हणून तारेचे पाव लहरीएवढे, ७५-७५ सेंटिमीटरचे दोन तुकडे एका रेषेत आडवे ताणले की डायपोल, म्हणजे दोन हातांची साधी अँटेना, तयार. माझा पहिला डायपोल मी खिडकीच्या लोखंडी गजांना टेकवून बांधला आणि महिनाभर बिचाऱ्या रेडिओला शिव्या घातल्या. गजांपासून दोन हात लांब नेल्यावर खरखरीतून बाई बोलायला लागली! तारेची टोकं ज्या दिशेला, तिकडचं सर्वांत कमी ऐकू येतं. जवळचं दांडगं स्टेशन दाबायला हे फार कामी येतं.

वेळ म्हणाल, तर निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतरची पहाट. खाली गार, वर उबदार असा हवेचा थर बसला की लहरी जमिनीकडे वाकतात आणि शेकडो किलोमीटर जातात. उन्हाळ्यात कधीकधी सुमारे १०० किलोमीटर उंचीवर आयनांचे, म्हणजे विद्युतभारित कणांचे, दाट ढग जमतात आणि लहरी त्यांवरून परत खाली वळतात. मग हजार-दोन हजार किलोमीटरवरचं स्टेशन शेजारच्यासारखं खणखणीत येतं, नि दोन मिनिटांत गायब. म्हणून आधी रेकॉर्डिंगचं बटण, मग कौतुक. स्टिरिओ बंद करून मोनो लावा, खरखर बरीच बसते. नाव कळत नसेल तर तासाच्या ठोक्यापर्यंत थांबा. बरीच स्टेशनं तेव्हा नाव सांगतात.