कंदिलावर सिग्नलचे रंग

रेल्वेत सिग्नल मेंटेनर म्हणून माझी नोकरी झाली. दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर मी नातवंडांना सिग्नलच्या रंगांची गोष्ट कंदील लावूनच सांगतो. तुम्हीही करून पाहा.

काचेचा रॉकेलचा कंदील घ्या. आकाशकंदिलाचा जिलेटिन कागद लाल, पोपटी आणि मोरपंखी रंगांत आणा. पुठ्ठ्यांना पंजाएवढ्या खिडक्या कापून कागद चिकटवा. पुठ्ठा ज्योतीपासून वीतभर लांब धरा, जिलेटिन पटकन पेटतं. मुलांना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा.

आधी १८४० च्या सुमाराचा इंग्लंडमधल्या रेल्वेचा नियम सांगा: लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून, आणि पांढरा, म्हणजे नुसती ज्योत, म्हणजे खुशाल जा. मग मुलांच्या नकळत लाल कागदाला मोठं भोक पाडा. मुलं "जा!" म्हणून ओरडतील. इथे घाई करू नका, त्यांनाच विचारू द्या. लाल काच फुटून पडली की ड्रायव्हरला पांढरा दिवा दिसणार आणि तो गाडी सोडणार! शेजारच्या खिडक्यांतल्या दिव्यांतही आपली ज्योत हरवते, हेही दाखवा. म्हणून पांढरा काढून हिरव्याला "जा" ठरवलं आणि "जपून"साठी पुढे पिवळा आला.

आता माझा आवडता भाग. रॉकेलची ज्योत मुळातच पिवळी. पोपटी कागदातून ती पिवळटच दिसते, मोरपंखीतून स्वच्छ हिरवी. हात असलेल्या जुन्या सिग्नलची "हिरवी" काच मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती चक्क निळसर होती. चुकीची काच आली असंच मला वाटलं. रात्री मागे बत्ती ठेवली, तेव्हा कळलं.

रस्त्याने हे रंग रेल्वेकडूनच घेतले. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटसमोर गॅसचा लाल-हिरवा सिग्नल लागला, तो जॉन पीक नाइट या रेल्वेच्याच माणसाच्या कल्पनेतून. महिन्याभरात त्याचा स्फोट होऊन पोलीस जखमी झाला. विजेचा सिग्नल १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला आला, त्यातही लाल आणि हिरवा दोनच.

दुसऱ्या दिवशी मुलांना वडोदरा स्टेशनवर फलाटाच्या टोकाला न्या. चौकात लाल सगळ्यांत वर असतो. इथे तो सगळ्यांत खाली, ड्रायव्हरच्या नजरेजवळ. खांबावर चार दिवे असतील तर त्यांतले पिवळे किती, ते मुलांनाच मोजू द्या. दोन असतात.